सीपॅप सुरू केल्यावर घड्याळातला ‘एचआरव्ही’ घसरला? मशीन काढून ठेवण्याआधी हे वाचा

नालासोपाऱ्याचे एक गृहस्थ गेल्या पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात आले ते फोन पुढे धरूनच. (ओळख पटू नये म्हणून त्यांचे काही तपशील मी बदलले आहेत.) वय अठ्ठेचाळीस, ऑफिस चर्चगेटला, सकाळी सहाच्या आत घराबाहेर. त्याआधी दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या पत्नी त्यांना जवळजवळ ओढतच घेऊन आल्या होत्या. “डॉक्टर, ह्यांच्या घोरण्याची तक्रार नाही, वीस वर्षं ऐकतेय. पण हल्ली घोरता घोरता एकदम आवाज बंद होतो. मी अंधारात आकडे मोजत बसते, परत श्वास कधी येतोय म्हणून.”

झोपेची तपासणी झाली. तासाला सरासरी ४२ वेळा श्वास थांबत किंवा अर्धवट अडत होता. सीपॅप मशीन सुरू झालं. दिवसाची पेंग कमी झाली. संध्याकाळच्या गाडीत डोळा लागून थेट विरारला पोहोचायचं आणि उलटी गाडी धरून परत यायचं, हे प्रकारही थांबले.

तरीही ते आले त्या दिवसाआधीच्या चार रात्री मशीन न लावता झोपले होते. कारण फोनवरचा आलेख. मनगटावरचं घड्याळ रोज सकाळी त्यांना ‘एचआरव्ही’ नावाचा एक आकडा दाखवायचं. मशीन येण्यापूर्वी तो सत्तरच्या आसपास होता, मशीन लावल्यावर पन्नासच्या घरात आला. इंटरनेटवर त्यांनी वाचलं होतं की हा आकडा जितका जास्त तितकं हृदय निरोगी. निष्कर्ष सरळ होता: “डॉक्टर, मशीनमुळे माझं हार्ट वीक होतंय.”

चूक त्यांची नव्हती. आकडा खरा होता, वाचलेलं वाक्यही बऱ्याच अंशी खरं होतं, फक्त स्लीप ॲप्नियाच्या रुग्णाला ते जसंच्या तसं लागू होत नाही. का होत नाही, हे समजून घ्यायला आधी रात्री घशात काय घडतं ते पाहावं लागेल.

रात्री घशात आणि हृदयात काय चालतं

झोप लागली की अंगाचे सगळे स्नायू सैल पडतात, तसे घशाचेही पडतात. ज्यांची मान जाड आहे, जिभेमागची जागा मुळातच अरुंद आहे, खालचा जबडा मागे आहे किंवा घशाभोवती चरबी साठली आहे, त्यांच्यात ही सैल पडलेली नळी श्वास आत ओढताना मिटते. छाती आणि पोट श्वास घेण्यासाठी धडपडत असतात, पण हवा आत जात नाही. असं दहा सेकंद किंवा त्याहून जास्त चाललं तर त्याला ॲप्निया म्हणतात. प्रवाह पूर्ण बंद न होता बराच कमी झाला आणि त्यासोबत ऑक्सिजन घसरला किंवा झोप मोडली तर हायपॉप्निया. दोन्हींची तासाची सरासरी म्हणजे एएचआय. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र.

श्वास अडलेल्या त्या पंधरा, वीस, कधी चाळीस सेकंदांत रक्तातला ऑक्सिजन उतरत जातो आणि हृदयाचा वेग बऱ्याचदा मंदावतो. पाण्यात बुडी मारणाऱ्याची नाडी मंद होते, तसाच काहीसा हा प्रकार आहे: फुफ्फुसात हवा हलत नाही आणि ऑक्सिजन कमी होतोय म्हटल्यावर शरीर खर्च आवरतं घेतं. मग मेंदूला धोका कळतो. तो माणसाला क्षणभर जागं करतो, इतकं थोडं की सकाळी आठवतही नाही. घसा उघडतो, जोरात घोरून श्वास सुरू होतो, त्याच वेळी ॲड्रिनॅलिनसारख्या रसायनांचा झोत सुटतो, रक्तदाब उसळतो आणि नाडी धावत सुटते. पुन्हा झोप, पुन्हा घसा बंद, पुन्हा नाडी मंद.

मंद, जलद, मंद, जलद. असा एक फेरा साधारण अर्ध्या ते एक मिनिटाचा. ज्यांचा एएचआय ४२ आहे त्यांच्या सहा तासांच्या झोपेत हे अडीचशे वेळा होतं. रात्रभर कुणी तुमच्या हृदयाला झोपाळ्यावर बसवून ढकलत असावं तसं.

ॲप्नियाच्या रुग्णांच्या चोवीस तासांच्या ईसीजीमध्ये हा झोका दिसतो, हे स्टॅनफर्डचे ख्रिश्चन गिलेमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. पुढे २००० साली एक मजेशीर स्पर्धा झाली. जर्मनीतल्या मारबुर्गच्या थॉमस पेन्झेल यांनी गोळा केलेले रात्रभराचे ७० ईसीजी जगभरच्या संशोधकांपुढे ठेवले गेले. नाकापुढे सेन्सर नाही, छातीला पट्टा नाही, ऑक्सिजनचा आकडा नाही. केवळ ईसीजीवरून सांगा, कोणत्या मिनिटाला श्वास अडला होता. सर्वांत चांगल्या गटांनी दहापैकी नऊहून अधिक मिनिटं बरोबर ओळखली. झोका इतका स्पष्ट असतो.

सर्वांचा मात्र नसतो. ज्यांना अनेक वर्षांचा मधुमेह आहे आणि हृदयाकडे जाणाऱ्या नसा थकल्या आहेत, ज्यांना बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू आहे, ज्यांना पेसमेकर बसवलाय किंवा एट्रियल फिब्रिलेशन आहे, त्यांच्यात झोका बोथट होतो किंवा ओळखू येत नाही. त्यामुळे ‘घड्याळ काही दाखवत नाही, म्हणजे मला ॲप्निया नाही’ हा तर्क चालत नाही.

निरोगी हृदय घड्याळासारखं टिकटिक करत नाही

नाडी ७० म्हणजे दर ठोक्यात सारखंच अंतर, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात निरोगी माणसाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर प्रत्येक वेळी थोडं बदलतं. समजा पहिलं ८६० मिलिसेकंद, मग ९१०, मग ८८५, मग ९३०, मग ८७०. श्वास आत घेताना ठोके थोडे जवळ येतात, सोडताना लांब जातात. रक्तदाब किंचित हलला की ते जुळवून घेतात. तापमान, हार्मोन, झोपेचा टप्पा, स्वप्न, सगळ्यांचा हात त्यात असतो. वेग वाढवणाऱ्या आणि आवरणाऱ्या नसा एकाच वेळी लगाम धरून असतात. या बदलत्या अंतराला हार्ट रेट व्हेरिएबिलिटी म्हणतात, त्याचंच लघुरूप एचआरव्ही.

आता इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, आणि सगळा घोळ इथेच आहे. एक म्हणजे अंतर किती बदलतं. दुसरी म्हणजे ते कशा प्रकारे बदलतं. पहिलीला बदलाचं प्रमाण म्हणू, दुसरीला गुंतागुंत.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर कधी निवांत बसला असाल तर हे चटकन कळेल. साध्या दिवशी समुद्र फार उसळत नाही, पण पाण्यावर शंभर प्रकारच्या हालचाली असतात: वाऱ्याच्या बारीक लहरी, त्याखालच्या मध्यम लाटा, होडी गेली की तिचे तरंग, आणि या सगळ्याखाली संथ चढणारी भरती. पुढची लाट नेमकी कशी येईल ते सांगता येत नाही, तरी सगळं मिळून बेशिस्त वाटत नाही. आता कल्पना करा की खोल समुद्रातून एकसारखी मोठी फुगार येऊ लागली. दर पाऊण मिनिटाला एक, तशीच उंच, तशीच रुंद. पाणी किती वर-खाली होतं एवढंच मोजलंत तर आकडा वाढलेला दिसेल. पण बारीक लहरी त्या फुगारीत बुडून गेल्या. समुद्र जास्त हलतोय आणि तरीही त्यात वैविध्य कमी झालंय.

उपचार न घेतलेल्या ॲप्नियात हृदयाचं नेमकं हेच होतं. बदलाचं प्रमाण फुगलेलं, गुंतागुंत खालावलेली. आमच्या नालासोपाऱ्याच्या गृहस्थांचं सत्तरचं एचआरव्ही हृदयाच्या ताकदीचं नव्हतं. त्या सत्तरमध्ये मोठा वाटा रात्रभर अडीचशे वेळा बसणाऱ्या झोक्याचा होता.

गुंतागुंत मोजतात कशी

हा भाग थोडा किचकट आहे. घाई असेल तर पुढच्या उपशीर्षकावर गेलात तरी चालेल, पण मला स्वतःला तो फार आवडतो.

एक खेळ समजा. मी तुम्हाला एखाद्याच्या ठोक्यांमधली दोन अंतरं सांगितली. संपूर्ण नोंदीत अशीच जोडी आणखी कुठे आली होती ते तुम्ही शोधायचं आणि त्या प्रत्येक ठिकाणी तिसरं अंतरही सारखंच निघालं का ते बघायचं. बहुतेक वेळा सारखंच निघालं तर ती लय सहज ओळखता येणारी, म्हणजे साधी. क्वचितच निघालं तर लय अनपेक्षित. या खेळातून निघणाऱ्या आकड्याला सॅम्पल एंट्रॉपी म्हणतात. रिचमन आणि मूरमन यांनी तो २००० मध्ये मांडला.

पण यात एक फट राहिली. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरत असतात त्या आजारात, ठोके अगदी वाटेल तसे पडतात. पुढचा ओळखणं जवळपास अशक्य, म्हणून एंट्रॉपी खूप जास्त. मग हे हृदय सर्वांत निरोगी म्हणायचं का? अर्थातच नाही. भाजीबाजारातला कोलाहल आणि भजनी मंडळाचं गाणं, दोन्हींत पुढचा सूर सांगता येत नसेल, पण दोन्ही एक नाहीत. मादालेना कोस्टा, एरी गोल्डबर्गर आणि सी. के. पेंग यांनी २००२ मध्ये यावर उपाय सुचवला: तीच नोंद जवळून पाहा, मग काही ठोक्यांची सरासरी काढून जरा लांबून, मग आणखी लांबून. प्रत्येक अंतरावरून एंट्रॉपी मोजा. याला मल्टिस्केल एंट्रॉपी म्हणतात. कोलाहल लांबून ऐकला की नुसती एकसुरी गुणगुण उरते, त्याची एंट्रॉपी झपाट्याने खाली येते. निरोगी हृदयाची लय मात्र जवळून पाहा की लांबून, तिच्यात काहीतरी नवं सापडतच राहतं. हृदय कमजोर झालेल्या रुग्णांमध्ये हे नवं सापडणं कमी होतं.

तुमचं घड्याळ यातलं काहीही मोजत नाही. काही कंपन्यांची घड्याळं एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंतचा फरक पकडतात, काही एकूण पसरट फरक पकडतात, आणि दोन्ही आकड्यांना पडद्यावर एचआरव्हीच म्हणतात. म्हणून तुमचा आकडा शेजाऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. तो केवळ बदलाच्या प्रमाणाचा अंदाज आहे आणि ॲप्नियाचा झोका त्यात मिसळलेला असू शकतो.

मशीन लावल्यावर काय बदलतं

सीपॅप म्हणजे ऑक्सिजनचं मशीन नव्हे. हा गैरसमज इतका पक्का आहे की काही घरांत सीपॅप दिसला की नातेवाईक ‘एवढं सीरियस आहे का’ म्हणून भेटायला येतात. मशीन खोलीतलीच हवा ओढतं आणि थोड्या दाबाने नाकावाटे घशात सोडतं. त्या दाबाच्या आधाराने घसा मिटत नाही, एवढंच. दाब साधारण ४ ते २० सेंटिमीटर पाण्याइतका असतो. दहा म्हणजे किती? पाण्याने भरलेल्या उंच पेल्याच्या तळाला जेवढा दाब असतो तेवढा. सिडनीचे कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये पाच रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला तेव्हापासून कल्पना हीच आहे. मशीनं लहान आणि शांत होत गेली.

योग्य दाब मिळाला की झोका पहिल्याच रात्री थांबतो. बहुतेक वेळा हा फरक ईसीजीवर नुसत्या डोळ्यांनी दिसतो: मशीनआधी करवतीच्या दात्यांसारखी वर-खाली होणारी नाडीची रेघ, मशीननंतर शांत आणि बारीक लहरींची. फुगार ओसरल्यावर खालच्या लहरी परत दिसू लागतात. अशा वेळी एकूण फरक मोजणारा आकडा कमी होऊ शकतो. आमच्या गृहस्थांच्या बाबतीत तो तसाच कमी झाला होता, आणि ते घाबरले होते.

उलटही घडतं. काहींचा आकडा मशीननंतर वाढतो, कारण आवरणाऱ्या नसेचं काम सुधारतं. म्हणजे आकडा खाली गेला म्हणून वाईट नाही आणि वर गेला म्हणून मशीनचंच यश असंही नाही. आदल्या रात्रीची दारू, ताप, दोन तासांची कमी झोप, उशिराचं जड जेवण, यांपैकी काहीही तो हलवू शकतं.

रात्रीचा बदल लगेच दिसतो, पण दिवसाचा वेळ घेतो. ॲप्नियाच्या रुग्णांमध्ये ताण वाढवणाऱ्या नसा दिवसा, जागेपणीही जास्त चालत असतात. ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात १९९९ मध्ये आलेल्या एका अभ्यासात नसेतली ही हालचाल प्रत्यक्ष मोजली होती. सीपॅपच्या एका महिन्यानंतर ती विशेष कमी झाली नव्हती. सहा महिने आणि वर्षभरानंतर झाली होती. तीन आठवड्यांत आलेख पाहून निकाल लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

एक प्रामाणिक सूचना इथेच देतो. सीपॅपवरच्या रुग्णांच्या ठोक्यांची गुंतागुंत मोजणारे अभ्यास बहुतेक लहान आहेत आणि प्रत्येकाची मोजण्याची पद्धत वेगळी आहे. एंट्रॉपीच्या आकड्यावरून एखाद्याचं मशीन बदलावं, दाब वाढवावा किंवा गोळी सुरू करावी, असं मी करत नाही आणि तुमच्या डॉक्टरांकडेही तसा आग्रह धरू नका. या संशोधनाचा आपल्याला आज उपयोग एवढाच, पण मोठा आहे: घसरलेल्या एचआरव्हीचा अर्थ लावताना ते आपल्याला चुकू देत नाही.

मग पाहायचं काय

मशीनच्या कार्डवर किंवा ॲपवर तीन गोष्टी असतात आणि त्या घड्याळापेक्षा कितीतरी उपयोगाच्या आहेत. मशीन लावूनही उरलेला एएचआय; तो साधारण ५ च्या खाली हवा. मास्कमधून होणारी गळती. आणि रोज किती तास वापरलं. चौथी गोष्ट कार्डवर नसते, ती घरच्यांना विचारायची: घोरणं पूर्ण थांबलं का, श्वास अडतो का. पाचवी तुम्ही स्वतः: सकाळी डोकं जड असतं का, रात्री लघवीला किती वेळा उठता, सिग्नलला रिक्षा थांबली की डोळे मिटतात का.

यातला तासांचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. २०१६ मध्ये ‘सेव्ह’ या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले २७१७ रुग्ण त्यात होते. सीपॅपमुळे दिवसाची झोप कमी झाली, मन:स्थिती आणि कामावरची हजेरी सुधारली, पण हार्ट ॲटॅक, पक्षाघात आणि मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण कमी झालं नाही. ‘मग मशीन कशाला?’ असं मला एका रुग्णाने ही बातमी दाखवून विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. पण त्याच अभ्यासात लोकांनी मशीन रात्री सरासरी ३.३ तासच लावलं होतं. शिवाय दिवसा खूप पेंगणारे आणि ऑक्सिजन फार घसरणारे रुग्ण त्यात मुळात घेतलेच नव्हते. त्यामुळे सीपॅप लावलं की हृदयविकार टळलाच, असं वचन मी कुणाला देत नाही. अर्ध्या रात्रीच्या वापरावरून पूर्ण रात्रीचा निकाल लावू नका, एवढं मात्र नक्की सांगतो.

अर्धी रात्र कोणती, हेही पाहा. बरेच जण झोपताना मास्क लावतात आणि पहाटे दोन-तीनला काढून टाकतात. स्वप्नांची झोप, ज्यात स्नायू सर्वांत सैल असतात आणि अनेकांचा ॲप्निया सर्वांत वाईट असतो, ती रात्रीच्या उत्तरार्धातच जास्त असते. म्हणजे हृदयाला मास्कची सगळ्यात गरज असते तेव्हाच तो उशीखाली गेलेला असतो.

आपल्या भागात यात आणखी एक अडचण आहे. साडेअकराला झोपून साडेचारला उठणाऱ्या माणसाला पूर्ण रात्र मिळतेच कुठे? गाडीतली तासाभराची डुलकी रुग्ण हिशेबात धरतात. ती मास्कशिवायची, बसून, मान खाली टाकून घेतलेली झोप असते. तिने भरपाई होत नाही. शक्य असेल तिथे रात्रीचा अर्धा तास परत मिळवा. बहुतेक घरांत तो मोबाईलकडून मिळवता येतो.

वीज, पाणी आणि दमट हवा

मशीन सुटण्याची कारणं माझ्याकडे येणाऱ्यांत वैद्यकीय कमी आणि घरगुती जास्त असतात. वीज जाते हे पहिलं. जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरार पाण्यात गेलं, लोकल थांबल्या आणि अनेक भाग अंधारात होते; तसं रोज होत नसलं तरी पावसाळ्यात रात्री वीज जाणं आपल्याला नवं नाही. ह्युमिडिफायर बंद ठेवला तर सीपॅपला वीज फार लागत नाही, घरचा साधा इन्व्हर्टर बहुतेक वेळा पुरतो. मशीन घेतानाच विक्रेत्याला वॉट विचारून ठेवा. तेही शक्य नसेल तर वीज गेलेल्या रात्री मास्क काढा, उशाशी उंची द्या आणि कुशीवर झोपा. पाठीवर झोपल्यावर जीभ मागे पडते.

ह्युमिडिफायरच्या भांड्यात टँकरचं किंवा बोअरचं पाणी ओतू नका. उकळून घेतलं तरी त्यातले क्षार जात नाहीत, आठवड्याभरात तळाला पांढरा थर बसतो. डिस्टिल्ड वॉटर वापरा आणि उरलेलं पाणी रोज फेका. आपल्या दमट हवेत मास्कची गादी आणि नळी नीट वाळली नाही तर बुरशीचा वास येतो. रोज सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा. पावसाळ्यात अनेकांना ह्युमिडिफायरची गरजच भासत नाही, बंद करून बघायला हरकत नाही.

तपासणी कुणी करावी

स्लीप ॲप्निया दुर्मिळ असता तर मी एवढं लिहिलं नसतं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्य तपासणीला आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास केला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अंदाजानुसार १९.५ टक्के पुरुषांमध्ये तासाला पाच किंवा जास्त वेळा श्वास अडत होता, आणि ७.५ टक्क्यांना त्यासोबत दिवसाची पेंगही होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी हेच नाव घेतलं आणि काही दिवस दवाखान्यात त्याबद्दल विचारणा वाढली. मग ती ओसरली.

जोरात घोरता, दिवसा थकलेले असता, कुणीतरी श्वास थांबताना पाहिलंय, रक्तदाब आहे. वय पन्नासच्या पुढे, वजन जास्त, मानेचा घेर ४० सेंटिमीटरहून अधिक, पुरुष. यांपैकी तीन किंवा जास्त गोष्टी जुळत असतील तर तपासणीबद्दल बोला. स्त्रियांनीही, विशेषतः पाळी गेल्यानंतर. त्यांच्यात घोरण्यापेक्षा थकवा आणि झोप न लागणं हीच तक्रार पुढे येते आणि ती ‘घरच्या कामाने दमतेस’ म्हणून बाजूला पडते. दोनपेक्षा जास्त गोळ्या घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल तर अवश्य. महामार्गावर रात्री ट्रक, टेम्पो किंवा बस चालवणाऱ्यांनी तर वाटच पाहू नये. गाडी चालवताना एकदा जरी डुलकी लागली असेल तर तपासणी होऊन उपचार सुरू होईपर्यंत स्टिअरिंगवर बसू नका. यावर माझ्याशी वाद घालणारे बरेच जण आहेत, मी ऐकत नाही.

मशीन चालू असूनही धडधड, नाडी चुकल्यासारखी वाटणं, चक्कर, आडवं पडल्यावर धाप, पायांना सूज असं काही असेल तर घड्याळाचा आलेख बाजूला ठेवून ईसीजी करून घ्या. हृदयाची पंप करण्याची ताकद कमी असलेल्या रुग्णांनी मशीनचा प्रकार स्वतःहून बदलू नये. घसा उघडा असूनही मेंदूकडून श्वासाचा आदेशच येत नाही, अशा सेंट्रल ॲप्नियासाठी वापरल्या जाणाऱ्या एका खास मशीनने, एएसव्हीने, अशा कमजोर हृदयाच्या रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण वाढल्याचं २०१५ च्या ‘सर्व्ह-एचएफ’ अभ्यासात दिसलं. साधा सीपॅप म्हणजे एएसव्ही नव्हे. पण ऑनलाइन सेकंडहँड मशीन घेताना हा फरक जाहिरातीत लिहिलेला नसतो.

नालासोपाऱ्याच्या त्या गृहस्थांना मी त्या दिवशी गुंतागुंत, एंट्रॉपी वगैरे काही सांगितलं नाही. कागदावर दोन रेघा काढल्या, एक करवतीसारखी, एक बारीक लहरींची, आणि विचारलं, तुमचं सत्तर यातल्या कुठल्या रेघेतून आलं असेल? त्यांनी करवतीवर बोट ठेवलं. मास्क नाकाच्या हाडावर काचत होता, तोही चार रात्रींच्या सुट्टीचा एक भाग होता असं हळूच कळलं. एक माप लहान घेतल्यावर ते थांबलं. तीन महिन्यांनी ते कार्ड घेऊन आले तेव्हा वापर रोज सरासरी सहा तास होता, उरलेला एएचआय ३, आणि रक्तदाबाची एक गोळी कमी करण्याबद्दल आम्ही बोलत होतो. एचआरव्ही पन्नासच्या आसपासच होता. त्यांच्या पत्नी मात्र तक्रार घेऊन आल्या होत्या. घरात इतकी शांतता असते की त्यांनाच आता झोप लागत नाही. त्यांची मान मी मोजली, ३८ सेंटिमीटर. वजन आणि रक्तदाबही पाहिला. पुढच्या महिन्यात त्यांचीही तपासणी आहे.